कंपवात आणि वनस्पतींतील ऑक्सिडीभवन-रोधक द्रव्ये

बिदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत, विशेषतः भालकी, बसवकल्याण, औराद आणि आळंद या तालुक्यांत, मराठी व कन्नड या दोन्ही भाषा एकाच अंगणात नांदतात. साहजिकच येथील झाडाझुडपांनाही दोन-दोन नावे लाभली आहेत. मराठीत जिला हळद म्हणतात तीच कन्नडात अरिशिण. मराठीत जी खाजकुइली, तीच कन्नडात नसुगुन्नी. या खाजकुइलीच्या शेंगांवरील लव अंगास लागली की खाजवून जीव नकोसा होतो, म्हणून गुराखी मुले तिच्यापासून चार हात दूर राहतात. संस्कृत ग्रंथकारांनी तिला कपिकच्छू आणि आत्मगुप्ता अशी नावे दिली, ती याच गुणामुळे. परंतु जिला हात लावावयास आपण धजत नाही, त्या वेलीच्या बियांत मेंदूच्या एका चिवट रोगावरील औषधाचे मूळ द्रव्य साठलेले आहे. हळद, ब्राह्मी, चहा इत्यादी वनस्पतींविषयीही, त्या मेंदूच्या पेशींचे रक्षण करतात, अशी आशा बाळगली जाते. ही आशा कितपत साधार आहे, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

हा विचार केवळ परीक्षेपुरता नाही. ज्या घरात आजोबांचा हात कापू लागतो, त्या घरात दोन गोष्टी हमखास घडतात. एक तर 'वयोमानाने व्हायचेच' म्हणून दुखण्याकडे दुर्लक्ष होते. नाही तर कोणी तरी एखादे चूर्ण आणून देतो आणि चालू असलेले औषध बंद पडते. दोन्हींत रुग्णाचे नुकसान आहे. म्हणून या रोगाची आणि या वनस्पतींची खरी ओळख करून घेणे, हे घरातील शिकत्या मुलामुलींचे कामच आहे असे आम्ही मानतो.

रोगाची ओळख

इंग्लंडमधील जेम्स पार्किन्सन या वैद्याने १८१७ साली 'कापरा पक्षाघात' या विषयावर एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. पुढे शार्को या फ्रेंच वैद्याच्या पुरस्कारामुळे त्या रोगास पार्किन्सनचेच नाव मिळाले. आपल्याकडे त्यास कंपवात म्हणतात. आयुर्वेदाच्या ग्रंथांतही वातविकारांमध्ये 'वेपथु' म्हणजे कंप याचा उल्लेख आढळतो.

या रोगात हात स्वस्थ ठेवलेला असताना कापतो, हालचाली मंदावतात, स्नायू ताठर होतात आणि पुढेपुढे तोल सांभाळणे कठीण जाते. चेहऱ्यावरील भाव कमी होतात. आवाज बारीक होतो. अक्षर लहान लहान होत जाते. वास न येणे आणि मलावरोध ही लक्षणे तर कित्येकदा कंप दिसण्याच्या अनेक वर्षे आधीपासून असतात. तथापि हात कापणारा प्रत्येक मनुष्य कंपवाताचाच रोगी असतो, असे मुळीच नाही. गलग्रंथीचे विकार, काही औषधे आणि आनुवंशिक स्वरूपाचा साधा कंप यांनीही हात कापतो. उलट, कंप नसतानाही हा रोग असू शकतो. यास्तव निदान तज्ज्ञ वैद्यानेच करावयाचे असते.

साठ वर्षांवरील माणसांत, स्थूलमानाने बोलायचे तर, शंभरांत एकास हा रोग जडतो. मात्र सर्व समाजांत त्याचे प्रमाण सारखे नाही. मुंबईच्या पारशी समाजाची जी पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली, तीत दर लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले. हे प्रमाण भारतातील इतर पाहण्यांच्या मानाने पुष्कळ अधिक होते. त्या समाजातील वृद्धांची मोठी संख्या, हे त्याचे एक कारण होय.

मेंदूच्या मध्यभागी, खालच्या अंगास, काळसर रंगाचा एक लहानसा भाग असतो. त्याला 'सब्स्टॅन्शिया नायग्रा', म्हणजे कृष्णद्रव्य, असे नाव आहे. येथील पेशी डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात. या द्रव्याच्या द्वारे शरीराच्या हालचालींचे नियमन होते. कंपवातात या पेशी हळूहळू मरत जातात. लक्षणे स्पष्ट दिसू लागतात तेव्हा त्यांतील निम्म्याच्या आसपास पेशी नष्ट झालेल्या असतात. म्हणजे रोग दारात दिसतो त्याच्या कितीतरी आधी तो घरात शिरलेला असतो.

वांग्याची फोड आणि मेंदूची पेशी

या पेशी का मरतात? याचे संपूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही; परंतु एक धागा हाती आला आहे, आणि तो समजण्यास स्वयंपाकघरातील एक प्रयोग पुरेसा आहे. वांग्याच्या दोन फोडी कराव्यात. एकीवर लिंबाचा रस चोळावा, दुसरी तशीच ठेवावी. थोड्याच वेळात उघडी फोड तपकिरी, मग काळपट होते; लिंबाची फोड बराच वेळ पांढरी राहते. हवेतील ऑक्सिजनाचा वांग्यातील काही द्रव्यांशी संयोग होऊन रंग पालटतो. या क्रियेस ऑक्सिडीभवन म्हणतात. लिंबातील आम्ल ही क्रिया मंद करते आणि त्यातील क जीवनसत्त्व स्वतः ऑक्सिडीभूत होऊन फोडीचे रक्षण करते. अशा रक्षक द्रव्यांस आपण ऑक्सिडीभवन-रोधक द्रव्ये म्हणू. वर्तमानपत्रांतून व जाहिरातींतून ती 'अँटिऑक्सिडंट' या नावाने आपल्या परिचयाची झालेली आहेत.

आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या अवघा २ टक्के असला तरी शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनापैकी सुमारे २० टक्के तोच वापरतो. जेथे इतकी ज्वलनक्रिया, तेथे ठिणग्याही उडणारच. पेशीतील तंतुकणिका, म्हणजे पेशीचे ऊर्जाघर, अन्नापासून ऊर्जा निर्माण करीत असता ऑक्सिजनाची काही अतिक्रियाशील रूपे बाहेर पडतात. ती पेशीचे आवरण, प्रथिने आणि आनुवंशिक द्रव्य यांना इजा करतात. कृष्णद्रव्यातील पेशींवर हे संकट अधिकच ओढवते. डोपामीनाचे विघटन होताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. डोपामीन स्वतःही सहज ऑक्सिडीभूत होते, आणि या भागाचा काळा रंग हे त्याचेच फळ आहे. वांग्याची फोड काळी पडणे आणि मेंदूतील हा भाग काळा असणे, या दोन्ही क्रियांची जात बरीच मिळतीजुळती आहे. त्यातच वयोमानाने येथे लोहाचे प्रमाण वाढते, आणि लोह या क्रियेस चालना देते. कंपवाताच्या रोग्यांमध्ये या भागातील ग्लुटाथायोन हे शरीराचे स्वतःचे रक्षक द्रव्य घटलेले आढळते.

१९८२ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी एकाएकी कंपवाताच्या रोग्यांसारखे जखडून गेले. त्यांनी टोचून घेतलेल्या अशुद्ध मादक द्रव्यात एमपीटीपी नावाचे विष होते आणि त्याने तंतुकणिकांचे कार्य बंद पाडले होते. ऊर्जाघर बिघडले की या पेशी मरतात, हे त्या दुर्दैवी घटनेतून उघड झाले.

वनस्पतींचे कवच

वनस्पतींना दिवसभर उन्हात उभे राहावे लागते. सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करताना त्यांच्या पानांतही ऑक्सिजनाची क्रियाशील रूपे निर्माण होतात. पळून जाण्याची सोय नसल्याने त्यांनी आपल्या देहातच संरक्षक द्रव्यांचे कोठार उभारले आहे. आवळ्यातील क जीवनसत्त्व, तेलबियांतील ई जीवनसत्त्व, हळदीतील कर्क्युमिन, चहाच्या पानांतील कॅटेचिने, जांभळातील जांभळे रंगद्रव्य, ही सर्व त्या कोठारातील द्रव्ये होत.

मग वनस्पतीचे हे कवच आपल्या मेंदूला उसने देता येईल काय? या प्रश्नावर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. त्यांतील एक आपल्या कर्नाटकातीलच आहे. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रशास्त्र संशोधन संस्थेतील संशोधकांनी फळांवर घोंगावणाऱ्या चिलटांसारख्या माश्यांना रोटेनोन नावाचे विष दिले. हे विष एमपीटीपीप्रमाणेच तंतुकणिकांवर आघात करते. विषाने माश्यांची चढण्याची शक्ती मंदावली व पुष्कळ माश्या मेल्या. ज्या माश्यांना ब्राह्मीचे चूर्ण खाद्यातून दिले होते, त्यांच्यात मात्र ऑक्सिडीभवनाची इजा कमी आढळली आणि त्यांची हालचालही पुष्कळशी टिकून राहिली. हे संशोधन २००९ साली प्रसिद्ध झाले. हळदीतील कर्क्युमिन, अश्वगंधा, चहातील द्रव्ये यांविषयीही उंदरांवर व पेशींवर केलेल्या प्रयोगांतून असेच आशादायक निष्कर्ष निघाले आहेत.

येथवर वाचून कोणासही वाटेल की आता प्रश्न सुटला. परंतु विज्ञानाची खरी कसोटी येथून पुढे सुरू होते.

मनुष्यावरील कसोटी

अमेरिकेत व कॅनडात कंपवाताच्या प्रथमावस्थेतील ८०० रुग्णांवर एक मोठी चाचणी घेण्यात आली. त्यांपैकी काहींना दररोज ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दिली, तर काहींना तशीच दिसणारी परंतु निष्क्रिय गोळी. कोणास काय मिळते आहे हे रुग्णांना अथवा डॉक्टरांना ठाऊक नव्हते. १९९३ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ई जीवनसत्त्वाने रोगाची गती मंदावली नाही. कोएन्झाइम क्यू-१० या दुसऱ्या द्रव्याची चाचणी ६०० रुग्णांवर झाली. तिचाही लाभ आढळला नाही आणि २०१४ साली ते प्रसिद्ध करण्यात आले.

कॉफीची कथा तर अधिक बोधप्रद आहे. हवाई बेटांवरील जपानी वंशाच्या आठ हजारांवर पुरुषांची अनेक वर्षे पाहणी केल्यावर असे दिसले की, कॉफी पिणाऱ्यांमध्ये कंपवात कमी आढळतो. हा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. परंतु रोग जडल्यावर रुग्णांना कॅफीन देऊन पाहिले, तेव्हा २०१७ सालच्या अहवालानुसार त्यांच्या हालचालींत सुधारणा झाली नाही. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच असे नाही, आणि रोग टाळण्यास जे उपयोगी पडेल ते रोग बरा करण्यास उपयोगी पडेलच असेही नाही. तर्कशास्त्राचा हा धडा विद्यार्थ्यांनी मनाशी पक्का बांधून ठेवावा.

काचनळीत गुणकारी ठरलेले द्रव्य मनुष्यात असफल का ठरते? याची कारणे अनेक आहेत. हळदीतील कर्क्युमिन आतड्यातून अत्यल्प शोषले जाते. जे शोषले जाते त्याचे यकृत त्वरित रूपांतर करते. शिवाय रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक अतिशय काटेकोर पहारा आहे. तो फार थोड्या द्रव्यांना आत सोडतो. आणखी एक कारण असे की, लक्षणे दिसेपर्यंत निम्म्या पेशी गेलेल्या असतात. घर जळाल्यावर विहीर खणून उपयोग काय? त्याचप्रमाणे ऑक्सिडीभवन हे या रोगाचे एक अंग असले तरी तेच एकमेव कारण नाही. पेशींत 'अल्फा-सिन्युक्लीन' नावाच्या प्रथिनाच्या गाठी जमतात. काही कुटुंबांत आनुवंशिक दोषही आढळतो. आज मितीस कोणतेही द्रव्य, वनस्पतिज असो वा कृत्रिम, मनुष्याच्या या पेशींचा ऱ्हास थांबविते असे सिद्ध झालेले नाही.

खाजकुइलीचा वाटा

तर मग वनस्पतींनी या रोग्यांना काहीच दिले नाही काय? दिले आहे, आणि भरभरून दिले आहे. मात्र त्याची वाट निराळी आहे.

सर्पगंधा ही आपली प्राचीन वनौषधी. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिचा गुण ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडला. तिच्यातून १९५२ साली रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. १९५७ च्या सुमारास स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनी हे रेसर्पीन सशांना दिले, तेव्हा ते निश्चेष्ट पडले; त्यांच्या मेंदूतील डोपामीन संपले होते. मग त्यांना लेव्होडोपा टोचताच ससे पुन्हा हिंडूफिरू लागले. डोपामीनास मेंदूचा पहारा ओलांडता येत नाही, पण त्याचे पूर्वरूप असलेल्या लेव्होडोपास तो ओलांडता येतो आणि आत गेल्यावर त्याचे डोपामीन बनते. या शोधाच्या मालिकेबद्दल कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. १९६१ मध्ये व्हिएन्ना येथे रुग्णांना लेव्होडोपा टोचण्यात आले, आणि १९६७ साली अमेरिकेतील कोट्झियास यांनी ते तोंडावाटे मोठ्या मात्रेत देऊन जखडलेल्या रुग्णांना चालते केले. आजही कंपवातावरील प्रमुख औषध हेच आहे.

हेच लेव्होडोपा मद्रास येथील दामोदरन व रामस्वामी या संशोधकांनी १९३७ साली खाजकुइलीच्या बियांतून वेगळे काढले होते. त्याचा कंपवाताशी संबंध आहे, हे त्या काळी कोणाच्याही स्वप्नात नव्हते. या बियांत लेव्होडोपाचे प्रमाण साधारणतः ४ ते ६ टक्के असते. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य व त्यांचे सहकारी यांनी १९७८ साली खाजकुइलीचा कंपवातावरील उपयोग वैद्यकीय नियतकालिकात नोंदविला. १९९५ साली या बियांपासून केलेल्या चूर्णाची ६० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. लंडन येथे २००४ साली ८ रुग्णांवर केलेल्या तुलनेत या चूर्णाचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर आला व अधिक वेळ टिकला.

तथापि नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियात ज्या रुग्णांनी हे चूर्ण काही आठवडे सतत घेतले, त्यांतील निम्म्यांना ते मळमळीमुळे किंवा हालचाली अधिक बिघडल्यामुळे सोडावे लागले. गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असते. ते लेव्होडोपाचा रक्तात होणारा नाश रोखते, म्हणून थोडी मात्रा पुरते. चूर्णात ते नसते. शिवाय बीगणिक द्रव्याचे प्रमाण बदलते. ज्याची गोळी चालू आहे त्याने न सांगता हे चूर्णही घेतले, तर एकूण मात्रा दुप्पट होऊन अंग वेडेवाकडे हलणे, रक्तदाब उतरणे, भ्रम होणे असे प्रकार घडू शकतात. आणि ध्यानात घ्यावयाची मुख्य गोष्ट अशी की, खाजकुइली उणे पडलेले डोपामीन भरून काढते. ती पेशींना मरणापासून वाचविते, असे मनुष्यात सिद्ध झालेले नाही. ऋण फेडण्यास पैसे उसने मिळणे वेगळे आणि चोरी थांबणे वेगळे.

'नैसर्गिक' या शब्दाविषयी

जे नैसर्गिक ते निरुपद्रवी, अशी एक समजूत रूढ आहे. वर ज्या रोटेनोन विषाचा उल्लेख आला ते शिंबावंतीय वनस्पतींच्या मुळांतून मिळते. अर्थात ते पूर्णतः 'नैसर्गिक' आहे, आणि तरीही प्रयोगशाळेत प्राण्यांमध्ये कंपवात उत्पन्न करण्यासाठी तेच वापरतात. वेस्ट इंडीजमधील ग्वादेलूप बेटावर कंपवातासारख्या एका रोगाचे प्रमाण जास्त आढळले, तेव्हा सीताफळाच्या कुळातील लक्ष्मणफळाचे व त्याच्या पानांच्या काढ्याचे सतत सेवन याकडे संशोधकांनी १९९९ साली बोट दाखविले. सृष्टीने औषध व विष ही दोन्ही एकाच कोठारात ठेवली आहेत. ओळख पटविणे हे मनुष्याचे काम आहे.

शेतकरी कुटुंबांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. कलबुर्गीची तूर सर्वदूर प्रसिद्ध असून तिला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तूर असो, सोयाबीन असो वा ऊस असो, शेतात कीटकनाशके व तणनाशके यांची फवारणी करावी लागते. अमेरिकेतील शेतीव्यवसायातील लोकांच्या पाहणीत, रोटेनोन किंवा पॅराक्वाट हे तणनाशक हाताळणाऱ्यांमध्ये कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीच पट आढळले. ती पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. पॅराक्वाटावर अनेक देशांनी बंदी घातली आहे. तेव्हा मेंदूच्या पेशींचे रक्षण करावयाचे तर एखाद्या चूर्णाच्या डबीपेक्षा फवारणीच्या वेळी हातमोजे, तोंडावर मुखपट्टी, अंगभर कपडे आणि वाऱ्याच्या दिशेचे भान यांचा विचार आधी करावा. फवारणीचे रिकामे डबे पाणी भरण्यास कधीही वापरू नयेत.

घरी काय करावे

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या हातास कंप सुटला, चाल मंदावली, अक्षर बारीक होऊ लागले, तर त्यांस मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यावे. औषध सुरू झाल्यावर ते मनाने बंद करू नये. एकाएकी बंद केल्यास रुग्ण जखडून जाऊन जीवावर बेतू शकते. कोणतेही चूर्ण वा काढा सुरू करण्यापूर्वी तो डॉक्टरांस दाखवावा.

आपल्या भागात वरण रोजच्या ताटात असते. डाळीतील प्रथिने आणि लेव्होडोपा ही आतड्यातून एकाच वाटेने शोषली जातात, त्यामुळे भरल्या पोटी घेतलेली गोळी कित्येकदा लागू पडत नाही. म्हणून ती सामान्यतः जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घ्यावयास सांगतात. एवढी वेळ सांभाळण्याचे काम घरातील शाळकरी मूलही करू शकेल.

ताज्या भाज्या, फळे, डाळी, हळदीची फोडणी हा आपला नित्याचा आहार सर्वांसाठी उत्तम आहे. तो अवश्य घ्यावा, परंतु त्याला औषधाचा अधिकार देऊ नये. नियमित चालणे व व्यायाम यांचा रुग्णांच्या हालचालींस लाभ होतो, हे मात्र मनुष्यावरील चाचण्यांतून दिसून आले आहे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ नावाचा रुग्ण व कुटुंबीय यांचा एक स्वमदत गट मराठीतून हेच काम करीत आला आहे. जेम्स पार्किन्सन यांचा जन्मदिवस ११ एप्रिल हा जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपल्या शाळांतूनही मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत या रोगाची लक्षणे फलकावर लिहिली गेली, तर गावातील एखाद्या रुग्णाचे निदान वर्ष-दोन वर्षे आधी होईल.

पेशींचा ऱ्हास थांबविणारे द्रव्य अजून सापडावयाचे आहे. ते एखाद्या वनस्पतीत असेल किंवा नसेलही. मद्रासच्या दोघा संशोधकांनी खाजकुइलीच्या बियांचे पृथक्करण केले, तेव्हा त्यांना त्याचे फळ ठाऊक नव्हते. तीस वर्षांनी त्याच द्रव्याने जगभरचे रुग्ण चालू लागले. आमच्या विद्यार्थ्यांनी आपल्या शिवारातील वनस्पतींची मराठी, कन्नड व शास्त्रीय अशी तिन्ही नावे लिहून ठेवण्यास आजच आरंभ करावा. खाजकुइलीपासून सुरुवात करावी. फक्त शेंगेला हात लावू नये.